भोंग्याशी वैर, कोंड्याशी नाही

मित्रांनो, कानांवर हात ठेवायचं कारण नाही. मी एक जुना भोंगा आहे खरा, पण आज बसून बोलणार आहे, ओरडणार नाही. तसाही माझा आवाज आता घोगरा झाला आहे. तो कसा झाला, तेच सांगायचं आहे.

माझा जन्म तुर्कस्तानातल्या मलात्या शहरात, तांबटांच्या गल्लीत झाला. नेजमी उस्ता नावाच्या कारागिराने मला घडवलं. माझ्या पोटात लोखंडी दातेरी चक्रं आहेत आणि बाजूला एक दांडा आहे. दांडा गरगर फिरवला की चक्रं फिरतात, हवा आत ओढली जाते आणि मी ओरडतो. वीज नको, बॅटरी नको. दोन हात असलेला कुणीही माणूस पुरतो. तोंडात धूळ जाऊ नये म्हणून उस्ताने मला एक झाकणही बसवलं. ते झाकण पुढे किती मोलाचं ठरणार आहे, याची त्याला कल्पना नव्हती.

मला पहिल्यांदा फिरवलं तेव्हा गल्लीतली सगळी कबुतरं उडाली आणि समोरच्या दुकानातला न्हावी वस्तरा हातात घेऊन धावत आला.

"उस्ता, दचकून गिऱ्हाइकाची अर्धी मिशी उडवली मी! आता काय करू?"

"उरलेली अर्धी पण उडव," उस्ता म्हणाला, "आणि त्याला सांग, तरुण दिसतोस."

असा माझा जन्मसोहळा झाला.

त्या सुमारास मुस्लिम देशांच्या एका परिषदेत ठरलं होतं की तुफान, पूर, भूकंप आले की सगळ्यांनी एकमेकांच्या उपयोगी पडायचं, आणि ते येण्याआधीच तयारी ठेवायची. झाडं लावायची, किनारे जपायचे. ठराव फार सुंदर होता म्हणतात. तो शेवटपर्यंत वाचलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. पण त्याच ठरावामुळे मी एका लाकडी खोक्यात बसलो आणि बांगलादेशाच्या वाटेला लागलो, एवढं मात्र पक्कं. निघताना उस्ताने माझ्या शेजारी वाळवलेल्या जर्दाळूंची एक पिशवी ठेवली. कुणाच्या घरी रिकाम्या हाताने जाऊ नये, अशी त्याची समजूत होती आणि मी त्याचा मुलगा आहे, अशीही.

मी पोचलो तो भोला बेटाच्या अगदी टोकाच्या गावात. गावाचं नाव चर मोयना. तिथे खांबांवर उभी असलेली सिमेंटची शाळा आहे. एरवी तिच्यात मुलं शिकतात आणि तुफानात सगळं गाव तिच्यात शिरतं, म्हणून तिला निवारा म्हणतात. निवाऱ्याला लागून मातीचा भला उंच चौथरा आहे. पाणी चढलं की गुरांनी त्याच्यावर जायचं. त्याला सगळे किल्ला म्हणतात. किल्ल्याचे पैसे एका वाळवंटी देशाने दिले होते. त्या देशाचे साहेब उद्घाटनाला आले तेव्हा हातात चिखल घेऊन बराच वेळ बघत राहिले. त्यांच्याकडे ही वस्तू मिळत नाही.

मला निवाऱ्याच्या गच्चीवर बसवलं आणि माझा दांडा मोर्जिनाच्या हाती दिला. मोर्जिना तुफानाच्या सूचना देणाऱ्या पथकातली स्वयंसेविका. नवरा ओमानमध्ये गवंडीकाम करायचा. घरात ती आणि तिची लहान मुलगी. तिचे सासरे इद्रिस, आडनाव माझी, घरात राहत नसत. गच्चीवरून समोर एक अरुंद खाडी दिसते आणि खाडीपलीकडे गवताळ चर, म्हणजे नदीने आणून टाकलेल्या गाळाचं बेट. तिथे झोपडीत ते आपल्या म्हशींबरोबर राहत. कळपाची पुढारीण होती काजोली. तिच्या दुधाचं दही चाकूने कापावं लागे, अशी तिची ख्याती होती.

लवकरच रमजान आला. मशिदीचे हुजूर, म्हणजे इमाम, वर येऊन मोर्जिनाला म्हणाले, "बेटी, वारा उलटा असला की माझी अजान समुद्रातल्या माशांना ऐकू जाते, गावाला नाही. रोजा सोडायच्या वेळेला हा तुझा भोंगा वाजवशील का?"

"वाजवीन की हुजूर. तेवढाच त्याला सराव."

मग काय विचारता मित्रांनो! सूर्य बुडाला की मी एक लांबलचक हाक द्यायचो आणि गावभर खजूर तोंडात पडायचे, सरबताचे पेले उचलले जायचे, मुरमुऱ्यांत गरम डाळीची भजी मिसळली जायची. उस्ताचे जर्दाळूही असेच एका संध्याकाळी संपले. पोरं माझ्याकडे टक लावून बघायची. माझ्याइतका लाडका भोंगा जगात दुसरा नसेल. तुफानाची भीती घालण्यासाठी जन्मलो होतो आणि जेवणाची वर्दी देत होतो! ही नोकरी मला मनापासून आवडली होती.

त्यातच घोटाळ्याचं बी होतं. कुणाच्याच लक्षात आलं नाही.

परिषदेचे पाहुणे आमच्या गावची तयारी बघायला येणार होते. सकाळी भोंगा वाजवायचा, लोकांनी निवाऱ्याकडे धावायचं आणि पाहुण्यांनी टाळ्या वाजवायच्या, असं ठरलं. पण पाहुण्यांची लाँच गाळात रुतली आणि भरती येईपर्यंत तिथेच बसून राहिली. ती लागली तेव्हा दुपार कलली होती. आभाळ इतकं भरून आलं होतं की दिवस कुठे आहे ते कळेना. पाहुणे उपाशी, थकलेले, चिखलाने माखलेले. स्वागताला हार घेऊन हुजूर उभे. कुणीतरी हात केला आणि मोर्जिनाने दांडा फिरवला. मी नेहमीसारखी एक लांबलचक हाक दिली.

एकही माणूस निवाऱ्याकडे धावला नाही. सगळं गाव जेवायला बसलं.

तुर्कस्तानच्या पाहुण्याने खिशातून खजूर काढले, मलेशियाच्या पाहुण्यापुढे धरले, त्यांनी ते इराणच्या पाहुण्याला दिले. खुद्द हुजूरांनीही सवयीने एक खजूर तोंडात टाकला आणि मग घड्याळ पाहिलं. तेवढ्यात पश्चिमेचा ढग बाजूला झाला. सूर्य चांगला हातभर वर होता आणि आमच्याकडेच बघत होता. इतक्या देशांचं एखाद्या गोष्टीवर इतकं झटपट एकमत झालेलं मी त्यानंतर कधी पाहिलं नाही.

अशा वेळी मोडलेला रोजा पुढे कधीतरी भरून काढावा लागतो. हुजूरांनी तसं जाहीर केलं. लोक चिडले, मग हसले, मग विसरले. एक माणूस मात्र विसरला नाही.

पलीकडच्या चरावर इद्रिस माझींनीही ती हाक ऐकून पाण्याचा घोट घेतला होता. मित्रांनो, त्या घोटाचं दुःख समजायला तुम्हाला जुनी गोष्ट माहीत हवी. इद्रिस लहान असताना या किनाऱ्यावर एक महाभयंकर तुफान आलं होतं. तोही रमजानच होता. भोंगा नव्हता, निवारा नव्हता, किल्ला नव्हता. आईने त्याला पहाटे उठवून भात भरवला होता. संध्याकाळपासून पाणी चढू लागलं तेव्हा तिने त्याला आपल्या साडीने खजुरीच्या झाडाला बांधलं. सकाळी झाडावर तो होता. खाली आई नव्हती. त्या पोराने तो रमजान पुरा केला आणि त्यानंतर जन्मात एकही रोजा चुकवला नाही. आईच्या हातचा तो भात त्यांच्या हिशेबी अजून संपला नव्हता. आणि माझ्या एका हाकेने त्यांचा तो नेम मोडला.

दुसऱ्या दिवशी ते होडीने आले. सुनेशी बोलले नाहीत. बरोबर आणलेल्या काजोलीच्या कानात, पण सगळ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणाले, "काजोली, सांग तिला, तिचा भोंगा खोटारडा आहे. कयामतीच्या दिवशी जरी तो ओरडला, तरी मी जागचा हलणार नाही."

"आब्बा, चूक झाली हो," मोर्जिना म्हणाली. "माझ्याकडे बघून तरी बोला."

"काजोली, तिला सांग, मी म्हशीशी बोलतोय."

काजोलीने शेपटी हलवली. निरोप पोचला.

इकडे पाहुण्यांची त्याच संध्याकाळी बैठक बसली. भोंगा धोक्यासाठी कसा वाजवावा आणि इफ्तारसाठी कसा, त्याची माहितीपुस्तिका कोणत्या भाषेत काढावी, तिच्यावर कुणाचं चित्र असावं, यावर मनापासून चर्चा झाली. शेवटी एक उपसमिती नेमली. ती अजून बसली असेल, तर तिला कुणीतरी पाणी द्या. जाताना प्रत्येक देशाने चराच्या काठावर खाऱ्या चिखलात दाट वाढणाऱ्या केओडा झाडाची रोपं लावली. त्यांचं जंगल झालं की लाटांचा जोर मोडतो. प्रत्येक रोपापुढे देशाच्या नावाची पाटी होती. पाहुण्यांची लाँच वळणाआड गेली आणि काजोलीने सगळी रोपं खाल्ली. तिने देशादेशांत भेदभाव केला नाही. पाट्या तेवढ्या ठेवल्या.

पाहुण्यांपैकी एक बाई मात्र मागे राहिल्या. इंडोनेशियाच्या, समुद्राने होत्याचं नव्हतं केलेल्या किनाऱ्यावरच्या. त्यांचं नाव वर्दा. सगळे त्यांना इबू म्हणत, म्हणजे त्यांच्या भाषेत आई. त्या मोर्जिनाच्या घरी राहिल्या आणि भांडी घासता घासता बायकांशी बोलू लागल्या.

"आमच्याकडे पोकळ लाकूड वाजवतात," इबू म्हणाल्या. "चोर आला तर एक ठेका, आग लागली तर दुसरा. तुमच्या भोंग्याला एकच हाक येते, म्हणून सगळं बिघडलं. त्याला तोंडावर झाकण आहे ना?"

"धुळीसाठी आहे ते," मोर्जिना म्हणाली.

"असू दे. उघड, मीट, उघड, मीट. बघू कसं वाजतंय."

आणि मित्रांनो, मी जन्मात पहिल्यांदा तुटक ओरडलो. तीन छोट्या हाका, मग थांबायचं, पुन्हा तीन. एक लांब हाक म्हणजे जेवा. तीन तुटक हाका म्हणजे पळा. उपसमितीला जे जमलं नाही, ते भांडी विसळून होईपर्यंत ठरलं. दर शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर मी तीन हाका द्यायचो आणि बाया-माणसं हसतखिदळत निवाऱ्यात येऊन बसायची.

केओडाची रोपंही इबूंनी पुन्हा लावली, चिखलात खाली, बायकांच्या हातांनी आणि पाट्यांशिवाय. प्रश्न होता म्हशींचा. इबू होडीने चरावर गेल्या.

"चाचा, म्हशींना या काठाला येऊ देऊ नका. त्याबदली दर शुक्रवारी किल्ल्यावर त्यांना कोंडा आणि गूळ आम्ही देऊ. भोंगा वाजला की त्यांनी यायचं. जनावराच्या पायालाही वाट माहीत हवी."

इद्रिसचाचा विचारात पडले. कोंडा महाग झाला होता. "भोंग्याशी माझं वैर आहे," ते शेवटी म्हणाले, "कोंड्याशी नाही. म्हशी येतील. मी येणार नाही."

आणि तसंच झालं. शुक्रवारी माझ्या तीन हाका झाल्या की काजोली मान वर करायची, पाण्यात उतरायची आणि तिच्यामागे सगळा कळप खाडी पोहून किल्ल्यावर यायचा. इद्रिसचाचा पलीकडे माझ्याकडे पाठ करून बसायचे. पुढे इबू आपल्या देशी परत गेल्या. शुक्रवार चालू राहिले.

एक गोष्ट मात्र सगळे विसरले. मला तेल द्यायला. खाऱ्या हवेने माझ्या आसाला गंज धरू लागला होता. पण मी ओरडत होतो आणि ओरडणाऱ्याची तब्येत ठीकच असते, असा लोकांचा समज असतो.

वर्ष फिरलं, रमजान आला आणि त्याच्याबरोबर तुफानही आलं. सकाळी खांबावर तिसरा झेंडा चढला, म्हणजे धोका अगदी जवळ. पथकातले गडी चरावर होडी घेऊन गेले आणि तसेच परत आले.

"मोर्जिना आपा, चाचा ऐकत नाहीत. म्हणतात, म्हशी तुमच्या होडीत बसतील का? नाही ना? मग मीही नाही बसणार."

"उचलून का नाही आणलंत?"

"काठी होती त्यांच्या हातात, आपा. आणि नेम चांगला आहे."

ओमानहून नवऱ्याचा फोन आला. "आब्बा आले का?" एवढंच त्याने विचारलं. मोर्जिनाने फोन ठेवला. ती गच्चीवर आली. तोवर खाडी इतकी खवळली होती की तिच्यात होडी घालायला कुणी धजेना. गाव निवाऱ्यात शिरत होतं, बायका चुली आत घेत होत्या. पलीकडे एक म्हातारा आणि त्याचा कळप, आणि त्यांच्यापर्यंत पोचू शकणारं एकच होतं. मी.

तिने दांडा फिरवला. तीन हाका. वाऱ्याने त्या अर्ध्या वाटेतच खाल्ल्या. पुन्हा तीन. काही नाही. मोर्जिनाच्या डोळ्यांतून पाणी येत होतं की पाऊस होता, मला कळलं नाही. मग वारा क्षणभर पडला आणि माझी हाक चरापर्यंत गेली.

काजोलीने मान वर केली.

त्या दिवशी शुक्रवार नव्हता. पण काजोली पंचांग बघत नसे. ती पाण्यात उतरली आणि तिच्यामागे कळप उतरला. इद्रिसचाचा काठावरून धावले. वारा आमच्याकडे वाहत होता, म्हणून एकेक शब्द ऐकू आला.

"काजोली! अगं ए हावरट! कुठे निघालीस? परत फीर! तो खोटारडा आहे गं! मला टाकून चाललीस?"

म्हशींना सोडून ते येणार नव्हते. म्हशी त्यांना सोडून निघाल्या होत्या. क्षणभर ते गुडघाभर पाण्यात उभे राहिले. मग त्यांनी काजोलीचं शेपूट घट्ट धरलं आणि स्वतःला पाण्यात झोकून दिलं.

"आता थांबायचं नाही," मोर्जिना ओरडली. "आवाज बंद झाला तर मधूनच मागे वळतील!"

ती फिरवत राहिली, झाकण उघडत-मिटत राहिली. कळप खाडीच्या मध्यावर आला. नुसती शिंगं दिसत होती आणि मध्येच एक पांढरी दाढी. आणि नेमका तेव्हाच माझा आस अडकू लागला. कोरडा, गंजलेला आस. माझा आवाज चिरकला, खाली आला. मोर्जिनाने सगळा जीव लावला तरी दांडा हलेना. मी गप्प झालो.

पाण्यात काजोली गोल फिरू लागली.

"तेल!" मोर्जिना किंचाळली. "कुणीतरी तेल आणा रे!"

हुजूर जिन्यावरून कधी वर आले कुणास ठाऊक. त्यांच्या हातात इफ्तारची भजी तळायला काढलेली मोहरीच्या तेलाची बाटली होती. ती त्यांनी उभीच्या उभी माझ्या आसावर रिकामी केली आणि मोर्जिनाबरोबर दांड्याला हात लावला. "या अल्लाह, भज्यांचं तेल आहे, गोड मानून घे," असं म्हणत दोघांनी जोर केला. कर्रर्र करून आस सुटला. मी ओरडलो. घोगरा, फाटका, पण तीन वेळा, आणि पुन्हा तीन वेळा. माझ्या तोंडून मोहरीच्या तेलाचा वास येत होता.

काजोली वळली. किल्ल्याची चढण तिच्या पायांना लागली आणि ती वर आली, तिच्यामागे शेपूट आणि शेपटाला लटकलेले इद्रिस माझी.

मोर्जिना खाली धावली. म्हातारा चिखलात बसून धापा टाकत होता. तिने त्यांच्या अंगावर आपली ओढणी टाकली. ते तिच्याकडे बघत राहिले. मग काजोलीकडे वळून म्हणाले, "काजोली, हिला सांग, कोंडा कुठे आहे म्हणावं. कबूल केलेला असतो."

"कोंडा नाही आणला, आब्बा," मोर्जिना रडत-हसत म्हणाली. "आज शुक्रवार नाही."

"मग हा तुझा भोंगा आजही खोटंच बोलला," ते म्हणाले. पण हे म्हशीला नव्हे, सुनेला म्हणाले. वर्षातलं पहिलं वाक्य! निवाऱ्यातल्या बायकांनी आपल्या वाटणीचे मुरमुरे आणि गूळ किल्ल्यावर पाठवले. म्हशींशी दिलेला शब्द पाळला गेला. इफ्तारला त्या दिवशी भजी नव्हती. कुणी तक्रार केली नाही.

तुफान आलं आणि गेलं. सकाळी चरावर झोपडीचा वासाही उरला नव्हता. काठावरची केओडाची रोपं आडवी झाली होती, पण मुळं धरून होती. दोन दिवसांत ती पुन्हा उभी राहिली. गावातलं एकही माणूस गेलं नाही.

मग हिवाळ्यात एक बातमी आली. मलात्यात मोठा भूकंप झाला होता. खोक्यावरचं गावाचं नाव मोर्जिनाच्या मुलीने वाचून ठेवलं होतं, म्हणून सगळ्यांना कळलं की हे आपल्या भोंग्याचं माहेर. चर मोयनाच्या बायकांनी जुन्या साड्यांच्या गोधड्या काढल्या, त्यांना घरोघर टाके घातले. एका गोधडीच्या कोपऱ्यावर मोर्जिनाने माझं चित्र भरलं. मी जरा बदकासारखा दिसतो त्यात. इद्रिसचाचांनी दह्याचं मडकं आणलं.

"आब्बा, दही तिथवर टिकेल का?"

"मग तूप दे. पण काहीतरी दे. ज्याने हा बनवला, तो माणूस थंडीत बाहेर बसला असेल."

गाठोडं गेलं. बऱ्याच दिवसांनी एक फोटो आला. तंबूपुढे नेजमी उस्ता बसला आहे, अंगावर बदकाची गोधडी आहे आणि एका हातात तुपाची बरणी. उस्ता हसतो आहे. मित्रांनो, लोखंडाला रडता येत नाही, नाहीतर मी पुन्हा गंजलो असतो.

गाठोडं ज्या दिवशी बांधलं, त्या दिवशी आणखी एक गोष्ट झाली होती. दुपारी इद्रिसचाचा जिना चढून पहिल्यांदाच माझ्याजवळ आले. हातात तेलाची छोटी कुपी होती. त्यांनी माझ्या आसाला थेंब थेंब तेल दिलं, फडक्याने पुसलं आणि पश्चिमेकडे तोंड करून बसून राहिले. मोर्जिना चहा घेऊन आली तर त्यांनी मान हलवली.

"रोजा आहे माझा. त्या दिवशीचा राहिलाय ना, तो आज भरून काढतोय."

"इतके दिवस थांबलात, आब्बा?"

"हिवाळ्यात दिवस लहान असतो," ते म्हणाले. मग फडकं घडी करत, "आणि कुणाच्या हाकेवर सोडायचा, ते ठरत नव्हतं."

सूर्य बुडाला. त्यांनी तो स्वतःच्या डोळ्यांनी पुरता बुडालेला पाहून घेतला, कारण विश्वास असला तरी माणसाने बघून घ्यावं. मग सुनेला खूण केली. मी त्यांच्या एकट्यासाठी एक लांब हाक दिली. गावातले लोक घरांतून बाहेर आले, आज कसला रमजान म्हणून वर बघू लागले. इद्रिसचाचांनी खजूर तोंडात टाकला, पाण्याचा घोट घेतला आणि माझ्या अंगावर हात ठेवून म्हणाले,

"आई होती तेव्हा हा असता तर."

मोर्जिनाने गार झालेला चहा पुन्हा गरम करायला नेला. 

मित्रांनो, आता निवाऱ्यावर विजेवर चालणारा नवा भोंगा आला आहे. देखणा आहे, बटण दाबलं की वाजतो. मी त्याच्या शेजारी बसून असतो, कारण तुफान येण्याआधी वीज जाते. तुमच्याही गावात, शाळेत, गच्चीवर माझ्यासारखं कुणीतरी उगाच बसलेलं असेल. आभाळ निरभ्र असताना त्याच्याकडे कुणी बघत नाही. तुम्ही बघा. एकदा जिना चढून जा आणि त्याला थेंबभर तेल द्या. नंतर भज्यांचं तेल वाया जात नाही.